कळ कोणी दाबली? : दूरच्या कॅमेऱ्याचा आणि बिनतारी फ्लॅशचा इतिहास

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 'कर्ता' या शब्दाची व्याख्या आहे. पुस्तकाचा कर्ता लेखक, संगीतरचनेचा कर्ता संगीतकार, आणि छायाचित्राचा कर्ता कोण, तर 'छायाचित्र घेणारी व्यक्ती'. वाचायला हे अगदी सरळ वाटते. कॅमेरा डोळ्याला लावला आहे, बोट कळीवर आहे, तोवर अडचण काहीच नाही. पण कॅमेरा एकीकडे, प्रकाश दुसरीकडे आणि माणूस तिसरीकडेच असेल, तर 'घेणारी व्यक्ती' नेमकी कुठे उभी असते? गेली काही वर्षे जुनी सूचीपत्रे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि मोडीत निघालेले फ्लॅश गोळा करताना मी या प्रश्नाच्या मागे लागलो आहे.

छायाचित्रणाची गोष्ट सांगताना आपण गृहीत धरतो की आधी सगळे हाताने होत होते आणि हळूहळू यंत्र आपोआप चालू लागले. दूरच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. इथे 'आपोआप' आधी आले. दूर ठेवलेल्या कॅमेऱ्याची कळ आधी जळत्या वातीने दाबली, मग हरणाने आणि वाघाने, मग दुसऱ्याच एखाद्या दिव्याच्या उजेडाने. दूर उभ्या माणसाच्या बोटाला, मध्ये तार न ओढता, ती खात्रीने दाबता येऊ लागली ती फार उशिरा.

वात, कबूतर आणि आडवी तार

1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्थर बातू याने पतंगाला कॅमेरा बांधून वर सोडला. त्याने शटरला एक हळू जळणारी वात जोडली होती. पतंग उंचीवर स्थिरावेपर्यंत ती जळत राही आणि संपली की शटर सुटे. त्याच वेळी कागदाचा एक तुकडा खाली पडे, म्हणजे जमिनीवरच्या बातूला कळे की चित्र घेऊन झाले, आता पतंग उतरवावा. सुमारे वीस वर्षांनी जर्मनीतला औषधविक्रेता युलियस नॉयब्रोनर याने कबुतराच्या छातीवर चिमुकला कॅमेरा बांधला. त्याचे शटर हवेच्या दाबावर चालणाऱ्या घटिकायंत्राने सुटत असे. कबूतर त्या क्षणी कोणत्या छपरावरून जात असेल, हे नशिबावर सोडलेले. या दोघांनीही निर्णय काळाच्या हवाली केला होता.

रात्रीच्या छायाचित्राला त्याहून मोठी अडचण होती, ती उजेडाची. 1887 मध्ये आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके या जर्मन रसायनतज्ज्ञांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून फ्लॅशची पावडर तयार केली. आपल्या फटाक्यांच्या दारूची ही सख्खी बहीण. ठिणगी लागली की डोळे दिपवणारा लखलखाट, पाठोपाठ पांढऱ्या धुराचा लोट. न्यू यॉर्कमधला पत्रकार जेकब रीस ही पावडर घेऊन रात्री-अपरात्री गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरे आणि झोपलेल्या माणसांवर उजेड पाडून चित्रे घेई. त्या चित्रांमुळे घरांविषयीच्या सुधारणांना बळ मिळाले, हे खरे. त्या लखलखाटाने दचकून उठलेल्यांची संमती कोणी विचारली नव्हती, हेही तितकेच खरे. याच खटाटोपात दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाच आग लावल्याचे रीसने स्वतः लिहून ठेवले आहे.

याच काळात अमेरिकेतला वकील जॉर्ज शायरस मिशिगनमधल्या व्हाइटफिश तळ्याकाठी रात्री होडीतून हरणांची छायाचित्रे घेत होता. पुढे त्याने होडीही सोडली आणि रानातल्या पायवाटेवर बारीक तार आडवी बांधली. हरणाचा पाय तारेला लागला की पावडर पेटे आणि शटर उघडे. शायरस तेव्हा कदाचित तंबूत झोपलेला असे. 1906 च्या जुलैमध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्याची 74 छायाचित्रे एकाच अंकात छापली.

हीच आडवी तार भारतात आणून वाघाच्या वाटेवर बांधली ती संयुक्त प्रांताच्या वनखात्यातल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या अधिकाऱ्याने. ज्या काळात साहेबाने वाघ पाहिला म्हणजे मारलाच असे समजले जाई, त्या काळात हा गृहस्थ वाघाच्या वाटा, त्याच्या फेऱ्या, त्याची पाण्याची जागा यांचा अभ्यास करून तिथे कॅमेरा ठेवत होता. 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे त्याचे पुस्तक 1927 मध्ये आले. वाघ आपल्याच पायाने फ्लॅश उडवतो आणि आपले चित्र मागे ठेवून निघून जातो. हे काम करताना चॅम्पियनच्या लक्षात आले की पट्ट्यांवरून एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

घंटा वाजली, पण…

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. फ्लॅशची पावडर 1887 सालची. 1895 मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोगात विद्युतचुंबकीय लहरी सोडून दूरवरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारूही पेटवून दाखवली. मध्ये तार नव्हती. म्हणजे दुरून, हवेतून, दारूला ठिणगी देण्याची युक्ती त्याच शतकात सिद्ध झाली होती. 1898 मध्ये निकोला टेस्लाने न्यू यॉर्कमध्ये छोटी नाव रेडिओलहरींवर चालवून दाखवली. मग फ्लॅशची पावडर रेडिओने पेटवायला आणखी काही दशके का लागली?

उत्तर जुन्या ग्राहकयंत्रांच्या स्वभावात आहे. त्या वेळची ग्राहकयंत्रे लहर आली एवढेच ओळखत. ती कोणाची, कशासाठी, हे त्यांना कळत नसे. जवळपास कुठेही विजेची ठिणगी पडली तरी त्यांना तो हुकूमच वाटे. प्रयोगशाळेत हे चालते. रानात किंवा गर्दीच्या सभागृहात चालत नाही. दूरच्या फ्लॅशकडून दोन गोष्टी हव्या असतात. सांगितले की उडावे ही एक, आणि सांगितले नसताना उडू नये ही दुसरी. पहिली गोष्ट बोसांच्या काळात साधली होती. दुसरी साधायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली. शिवाय निर्वात नळ्यांचे रेडिओ जड, त्यांच्या बॅटऱ्या त्याहून जड. ट्रान्झिस्टर येईपर्यंत असला ग्राहक फ्लॅशच्या दांडीवर टांगण्याची सोयच नव्हती.

तारेचे दिवस

मधल्या काळात भरवसा होता तो तारेवर. 1930 च्या सुमारास पावडरची जागा फ्लॅशबल्बने घेतली. काचेच्या फुग्यात प्राणवायू आणि ॲल्युमिनियमचा वर्ख, आत वीज सोडली की एकदाच लखलखणार आणि निकामी होणार. धूर नाही, आगीची भीती कमी, आणि मुख्य म्हणजे अनेक बल्ब एकाच तारेत ओवता येत.

त्या ओवण्याची परमावधी ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराने केली. नॉरफोक अँड वेस्टर्न ही अमेरिकेतली वाफेवर चालणारी शेवटची मोठी रेल्वे, आणि तिची वाफेची इंजिने बंद होण्याच्या बेतात होती. 1955 पासून पाच वर्षे लिंकने तिची रात्रीची छायाचित्रे घेतली. दिवसा का नाही, याचे त्याचे कारण साधे होते: सूर्य आपल्याला हवा तिथे नेता येत नाही आणि रूळही हलवता येत नाहीत. रात्री मात्र सगळा उजेड त्याच्या ताब्यात असे. 2 ऑगस्ट 1956 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या एगर गावी, उघड्यावरच्या सिनेमागृहामागून धडाडत जाणारे इंजिन टिपताना त्याने चाळीसहून अधिक बल्ब एकाच क्षणी उडवले. बल्ब एकसर जोडणीत असत, एक निकामी झाला की सगळे गप्प. म्हणजे कित्येक तासांची तयारी, शेकडो फूट तार, आणि गाडी येणार एकदाच. त्या चित्रात पडद्यावर दिसणारे विमान लिंकला मागाहून बसवावे लागले, कारण फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढराफटक पडला होता. दिवस विझवून पुन्हा आपल्या हाताने लावणाऱ्यालाही एवढी तडजोड करावी लागली.

दूर ठेवलेल्या कॅमेऱ्याचे असेच एक टोक 14 नोव्हेंबर 1966 रोजी ह्यूस्टनमध्ये गाठले गेले. महंमद अली आणि क्लीव्हलंड विल्यम्स यांची मुष्टियुद्धाची लढत. नील लायफर याने रिंगणाच्या वर, दिव्यांच्या सांगाड्यात, सुमारे 80 फूट उंचीवर कॅमेरा लावला होता. वरून घेतलेल्या त्या चित्रात रिंगण पांढऱ्या चौकोनासारखे दिसते, विल्यम्स हात पसरून उताणा पडला आहे आणि अली हात उंचावून दूर चालला आहे. रिंगणाच्या कडेला छायाचित्रकारांची रांग आहे आणि त्या रांगेत खुद्द लायफरही आहे, हातात दुसरा कॅमेरा घेतलेला. आपल्याच चित्रात, दुसरीकडे उभा असलेला कर्ता! 'छायाचित्र घेणारी व्यक्ती' शोधायची तर या चित्रात ती बोटाने दाखवता येते.

लग्नातला स्लेव्ह

तारेचा जाच कसा असतो हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. विशी गाठायच्या सुमारास मी एका स्टुडिओत मदतनीस होतो. लग्नात दुसरा फ्लॅश धरून उभे राहणे हे माझे काम. एकाच फ्लॅशने नवरानवरीच्या मागे मांडवाच्या कापडावर काळी सावली पडे. ती मारायला बाजूने दुसरा उजेड लागे. तार ओढली की वऱ्हाडाच्या पायात येई. म्हणून सगळीकडे 'स्लेव्ह' वापरत. अंगठ्याएवढा प्रकाशसंवेदक, दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की आपला फ्लॅश उडवणारा. गुलाम हे नाव त्याला शोभत नव्हते, कारण हा गुलाम कोणाचाही हुकूम मानी. मंगलाष्टके चालू असताना मुलीच्या मामाने आपला छोटा कॅमेरा काढला की आमचा फ्लॅश उडे. मग पेन्सिल सेलवर तो पुन्हा भरायला काही सेकंद लागत. नेमका तेवढ्यात अंतरपाट दूर होई, अक्षता उडत, आणि आमचा दिवा रिकामा. अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही.

मुद्दा बोसांच्या काळातलाच होता. उजेड आला हे यंत्राला कळत होते, तो कोणाचा हे कळत नव्हते. पुढे कंपन्यांनी उजेडातच सांकेतिक भाषा घातली. मुख्य फ्लॅश आधी बारीक लुकलुकून हुकूम सांगतो, मग दूरचे फ्लॅश उडतात. कॅननचा 1998 चा आणि निकॉनचा 2003 चा संच असे होते. मामाच्या कॅमेऱ्याचा प्रश्न त्यांनी सोडवला. पण भर उन्हात, खांबाआड किंवा भिंतीपलीकडे ते आंधळेच राहिले.

सहस्रांश सेकंदाचा व्यवहार

रेडिओला भिंत अडवत नाही. त्याचा वेगही प्रकाशाचाच. सेकंदाच्या हजाराव्या भागात लहर 300 किलोमीटर जाते, म्हणजे मुंबईहून सरळ रेषेत कोल्हापूर. मग वेळेची अडचण कुठे येते?

ती कॅमेऱ्याच्या पोटात येते. बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्मपुढे किंवा सेन्सरपुढे दोन पडदे असतात. पहिला सरकून चौकट उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. फ्लॅशचा उजेड क्षणार्धाचा असतो, त्यामुळे पूर्ण चौकट उघडी असेल त्याच वेळी तो पडला पाहिजे. 1/250 सेकंदाला ही संधी जेमतेम एखाद्या सहस्रांश सेकंदाची असते. तेवढ्यात उजेड आला नाही, तर चित्राच्या एका कडेला पडद्याचा काळा पट्टा उमटतो. आता हुकूम आपलाच आहे याची खात्री पटवायची तर लहरीबरोबर सांकेतिक क्रमांक पाठवावा लागतो. क्रमांक लांब ठेवला की खात्री वाढते, पण तो पाठवायला आणि तपासायला वेळ लागतो. आखूड ठेवला तर वेळ वाचतो, पण शेजारच्या भलत्याच यंत्रालाही तो आपला वाटू शकतो. रेडिओ-ट्रिगरची सगळी कारागिरी खात्री आणि घाई यांच्यातल्या या व्यवहारात आहे.

हा व्यवहार भरवशाने जमवणारे पहिले गाजलेले यंत्र म्हणजे 1990 च्या दशकात पुढे आलेले अमेरिकेतले पॉकेटविझार्ड. बास्केटबॉलच्या मैदानांत छताला लावलेले फ्लॅश, बास्केटच्या काचेमागे बसवलेला कॅमेरा आणि कडेला बसलेला छायाचित्रकार, हे सगळे त्याने तारेविना जोडले. एकाच छताखाली अनेक छायाचित्रकार, प्रत्येकाची वाहिनी वेगळी, एकाच्या बोटाने दुसऱ्याचा दिवा उडत नाही. 2012 मध्ये कॅननने फ्लॅशच्या पोटातच रेडिओ बसवला. तोवर स्वस्त चिनी ट्रिगर आपल्याकडच्या लग्नांतही पोहोचले होते आणि मामाच्या कॅमेऱ्याचे भय संपले होते.

आपल्याकडे या यंत्राला आणखी एक अडथळा होता, तो कायद्याचा. 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगणे हाच गुन्हा. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांना पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरल्याचे आठवत असेल, तो याच व्यवस्थेचा भाग. फ्लॅशचा ट्रिगर म्हणजे तर चक्क प्रक्षेपक. जानेवारी 2005 मध्ये केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत परवान्यातून मुक्त केला. वायफायसाठी म्हणून ओळखली जाणारी ही मोकळीक छायाचित्रकाराच्या खिशातल्या ट्रिगरलाही मिळाली. आजचे बहुतेक ट्रिगर त्याच पट्ट्यात बोलतात.

आडवी तार परत येते

दूरचा कॅमेरा माणसाच्या बोटाखाली आला त्याच वर्षांत, दुसऱ्या दाराने, चॅम्पियनची आडवी तारही परत आली. आता तिच्या जागी उष्णता आणि हालचाल ओळखणारा संवेदक होता. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत असे कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधण्याची रीत 1995 मध्ये मांडली. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावावे लागतात. 2018-19 च्या अखिल भारतीय गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे होते. त्यांनी 3 कोटी 48 लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली, त्यांतली 76,651 वाघांची. महाराष्ट्रातल्या वाघांचा त्या वेळचा 312 हा अंदाजही त्याच गणनेतला. चॅम्पियनचे निरीक्षण आज राष्ट्रीय हिशेबाचा पाया झाले आहे.

पण संवेदकाला वाघ आणि माणूस यांतला फरक कळत नाही. ऊब आणि हालचाल एवढेच त्याला कळते. त्रिशांत सिमलाई आणि क्रिस सँडब्रुक या केंब्रिजच्या संशोधकांनी 2024 मध्ये कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाभोवतालच्या गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जळण आणि गवतासाठी रानात जाणाऱ्या बायकांना हे कॅमेरे आपल्यावर पाळत ठेवणारे वाटत होते. घरच्या जाचातून घटकाभर सुटून मोकळे बोलण्या-गाण्याची त्यांची जागा रान हीच. कॅमेऱ्यांमुळे त्या हळू बोलू लागल्या, गाणी कमी झाली. रानात गाण्याचा उपयोग जनावराला चाहूल देण्यासाठीही असतो. एका स्त्रीचे खासगी क्षणाचे छायाचित्र अशाच कॅमेऱ्यात आले आणि स्थानिक गटांत फिरवले गेले.

ते छायाचित्र कोणी घेतले? कायद्यातली 'घेणारी व्यक्ती' इथे सापडत नाही. कॅमेरा बांधणारा म्हणेल, मी तो वाघासाठी बांधला. कळ दाबली ती त्या स्त्रीच्याच अंगाच्या उबेने. जेकब रीस न विचारता खोलीत शिरत होता, तरी तो दारात उभा तरी होता. त्याला कोणी शिव्या घालू शकत होते, बाहेर काढू शकत होते. झाडाला बांधलेल्या पेटीला कोणी काय विचारणार?

म्हणून रेडिओ-ट्रिगर ही मला निव्वळ सोय वाटत नाही. लायफरचा कॅमेरा 80 फूट उंचीवर होता, पण तो त्या चित्रात सापडतो. लग्नातला छायाचित्रकार मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असला, तरी नवरीचे डोळे मिटलेले दिसले की तो बोट उचलून घेतो. हे 'न दाबणे' आडव्या तारेला येत नाही, वातीला येत नाही, संवेदकालाही येत नाही. वाघ मोजायला संवेदक लागणारच, त्याला पर्याय नाही. पण जिथे जिथे असा कॅमेरा बांधला जाईल, तिथे तो कोणी बांधला, त्यातली चित्रे कोण पाहतो आणि माणसांची चित्रे कधी पुसली जातात, हे लिहिलेली पाटी त्याच झाडावर, गावच्या भाषेत असायला हवी. त्या बायकांना निदान कोणाला जाब विचारायचा एवढे तरी कळेल.